मोलाचें गणित

‘मोल’ या शब्दाचा अर्थ मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाहीं. बाजारांत जाणारी आजी तो जाणते आणि तिचें बोट धरून चालणारें मूलही थोड्याच दिवसांत जाणूं लागतें. पण गेल्या श्रावणांत एके सायंकाळीं आमच्या आगाशीच्या घरच्या ओटीवर नववींत शिकणारी माझी नात वही घेऊन बसली होती, तिनें एकाएकीं मला विचारलें, “आजोबा, शास्त्राच्या पुस्तकांतला मोल आणि आपलें मोल एकच का हो?”

मीं तिची वही हातीं घेतली. एकामागून एक अशीं आठ उदाहरणें तींत सोडविलेलीं होतीं आणि आठही बरोबर होतीं. १८ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल, ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे किती मोल, अशा धर्तीचीं. प्रत्येक ठिकाणीं दिलेल्या वजनास रेणुवस्तुमानानें भागून उत्तर काढलेलें आणि त्याखालीं दोन रेघा ओढलेल्या. “छान,” मी म्हणालों, “पण बाळ, हें भागलेंस कां?”

“सूत्रच तसें आहे,” ती म्हणाली.

हें ऐकून मी क्षणभर गप्प झालों. कारण हें उत्तर तिचें नव्हतें, माझें होतें. बारा-तेरा वर्षांपूर्वीं मींच तें एका वर्गास शिकविलें होतें आणि पुढें त्याची किंमत आमच्या घरानें मोजली होती. ती हकीकत मला भूषणावह नाहीं. पण ज्या घरांत मुलें शिकत आहेत तेथील वडील मंडळींस ती उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों.

माझी शिकवणी

मी व्यवसायानें शिक्षक. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. त्यापुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों, आणि तेवढ्या शिदोरीवर खालच्या वर्गांस संस्कृत व गणित शिकविण्यांत आयुष्य गेलें. एके वर्षीं शास्त्राचे शिक्षक मध्येंच सोडून गेले आणि दुसरे मिळेपर्यंत नववीचे शास्त्राचे तास मजकडे आले. रसायनांतील गणिताचें प्रकरण पुढ्यांत आलें तेव्हां मी प्रथम बिचकलों. पण दोन-चार उदाहरणें पाहतांच जीव भांड्यांत पडला. हें तर आपलें त्रैराशिक! प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशि. फलास इच्छेनें गुणावें, प्रमाणानें भागावें, कीं उत्तर हजर. मीं फळ्यावर तीन चौकोन काढले आणि कोणती संख्या कोणत्या चौकोनांत लिहावयाची एवढें मुलांकडून घोटून घेतलें. आठवड्याभरांत वर्ग पटापट गणितें करूं लागला. त्या प्रकरणांत एकही मूल मागें राहिलें नाहीं आणि मी मनांतल्या मनांत स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्या वर्गांत माझा पुतण्याही होता. एके दिवशीं त्यानें उभें राहून विचारलें, “सर, पण मोल म्हणजे नक्की असतो काय?” मला उत्तर ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं असें म्हणण्याचा मोकळेपणाही मजपाशीं नव्हता. “तुला गणित सुटतें ना? मग बस खालीं,” असें म्हणून मीं त्यास बसविलें. तो बसला. समजूतदार मुलगा, त्यानें पुन्हां कधीं विचारलें नाहीं.

विहीर

२०१८ च्या जुलै महिन्यांत वसई-विरार भागांत पावसानें जो हाहाकार उडविला तो येथील लोक विसरलेले नाहींत. आगगाड्या बंद पडल्या, वस्त्याच्या वस्त्या पाण्यांत बुडाल्या, मिठागरांवरील माणसें चोहोंकडून पाण्यानें वेढलीं गेलीं. आमच्या वाडींतही पाणी शिरलें आणि तें गढूळ पाणी कठड्यावरून विहिरींत उतरलें. पूर ओसरल्यावर विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकावयाची हें घरांतील सर्वांस माहीत होतें. किती टाकावयाची, एवढाच प्रश्न होता.

त्याचा हिशेब असा. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर. म्हणजे पाणी २८.२६ घनमीटर, अर्थात् सुमारें २८,००० लिटर झालें. चांगल्या पावडरींत शंभर भागांत ३३ भाग उपयोगी पडणारा क्लोरीन असतो, आणि अशी पावडर हजार लिटरांस अडीच ग्रॅम, असें सर्वसाधारण मान आहे. त्याप्रमाणें आमच्या विहिरीस ७० ग्रॅम पुरे. परंतु घरांतली पिशवी जुनी होती व तिचें तोंडही उघडें राहिलें होतें. अशा पावडरींतील क्लोरीन हळूहळू उडून जातो आणि तिचा जोर कमी होतो. पुतण्यानें शहाणपणानें ती एका जाणत्या आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासून आणली. ३३ नव्हे, जेमतेम २०, असें उत्तर मिळालें.

पुतण्या पेन्सिल घेऊन बसला. ३३ ला ७० ग्रॅम, तर २० ला किती? त्यानें तीन चौकोन काढले. ७० गुणिले २०, भागिले ३३. उत्तर सुमारें ४२ ग्रॅम. त्यानें कागद मला दाखविला. मीं रीत पाहिली. रीत मीं शिकविलेलीच होती, गुणाकार-भागाकारही बिनचूक होते. “शाबास,” मी म्हणालों. ४२ ग्रॅम पावडर विहिरींत गेली.

वाचकांच्या ध्यानांत चूक आलीच असेल. पावडर कमजोर, म्हणून ती अधिक टाकावयास पाहिजे होती. आम्हीं ती आणखी कमी केली. ७० गुणिले ३३, भागिले २०, म्हणजे ११५ ग्रॅमांवर जाणार तें माप आम्हीं ४२ वर आणलें. शिवाय गढूळ पाण्यास पावडर नेहमींहून जास्तच लागते. आठवडा गेला नाहीं तोंच घरांतील तीन माणसें जुलाबांनीं आजारी पडलीं आणि थोरल्या वहिनींना चार दिवस दवाखान्यांत ठेवावें लागलें. मागाहून विहिरीच्या पाण्याची ओ.टी. चांचणी केली. औषधाचे थेंब पडतांच पाण्यास जो पिवळा रंग यावयाचा तो मुळींच आला नाहीं. पुराच्या दिवसांत आजाराचें कारण एकच होतें असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं, व डॉक्टरांनींही तसें म्हटलें नाहीं. पण वहिनींच्या उशाशीं बसलेला पुतण्या मला एवढेंच म्हणाला, “काका, रीत तर बरोबर होती ना?”

लीलावतींतील सोनें

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. रीत बरोबर होती, पण या प्रश्नास ती लागू नव्हती. आणि सर्वांत अधिक बोंचणारी गोष्ट ही कीं, जी रीत लागू होती तीही मला लहानपणापासून तोंडपाठ होती.

भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतींत त्रैराशिकापाठोपाठ व्यस्त त्रैराशिक येतें. इच्छा वाढली असतां जेथें फल घटतें, आणि इच्छा घटली असतां फल वाढतें, तेथें उलट रीत लावावी असें आचार्य सांगतात आणि अशी स्थळें कोणतीं तेंही मोजून दाखवितात. त्यांत सोन्याच्या कसाचें स्थळ स्पष्ट आहे. उंची कसाचें सोनें त्याच पैशांत कमी येतें, हलक्या कसाचें अधिक. ब्लीचिंग पावडरींतील क्लोरीन हा तिचा कसच नव्हे काय? आमच्या विहिरीचा प्रश्न लीलावतींतील सोन्याचाच प्रश्न होता. फक्त सोन्याच्या जागीं पावडर होती. मीं तें प्रकरण पाठ म्हटलें होतें, परीक्षेंत लिहिलें होतें, मुलांना शिकविलें होतें. पण विहिरीच्या कांठीं तें मला आठवलें नाहीं. कारण विहिरीच्या कांठीं तें मीं कधीं शिकलोंच नव्हतों.

मग मीं लीलावती पुन्हां काढली. हें पुस्तक अनेक शतकें आपल्या देशांत गणिताचें क्रमिक पुस्तक म्हणून चाललें. आचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, खानदेशांतील पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. या वेळीं मीं सूत्रांकडे न पाहतां उदाहरणांकडे पाहिलें. त्रैराशिकांतील उदाहरणें केशराचीं आहेत, कापराचीं आहेत, तांदुळाचीं आहेत. प्रत्येक ठिकाणीं कोणास तरी कांहीं तरी घ्यावयाचें आहे आणि तें किती येईल हें त्यास कळत नाहीं. आचार्य प्रश्न टाकतात तो ‘सांग’ म्हणून, समोरच्या माणसास हांक मारून. सूत्र सांगून झाल्यावर शिष्य मोकळा होत नाहीं. त्याला लगेच बाजारांत उभें केलें जातें. आम्हीं मास्तरांनीं सूत्र ठेवलें आणि बाजार काढून टाकला.

अलीकडे शिक्षणशास्त्रांत समस्येवर आधारलेलें शिक्षण म्हणून एका पद्धतीचा गौरव होतो. तिचा उगम कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत १९६९ च्या सुमारास झाला. तेथें विद्यार्थ्यांस आधीं पाठ देऊन मागाहून रोगी दाखविण्याऐवजीं लहान लहान गटांपुढें एखाद्या रोग्याची हकीकतच ठेवीत, आणि ती उलगडण्यास कोणतें ज्ञान पाहिजे तें त्यांचें त्यांस शोधावयास लावीत. पुढें हा प्रकार इतर विषयांत व शाळांतही पसरला. हें सर्व आपल्याकडे पूर्वींच होतें असा दावा मी करीत नाहीं. लीलावतींत सूत्र आधीं येतें, उदाहरण मागाहून. मॅकमास्टरमध्यें क्रम उलटा. पण दोहोंतही एक गोष्ट समान आहे. ज्यास उत्तराची गरज आहे असा माणूस प्रश्नांत हजर असतो.

वजनांत लपलेली संख्या

नातीच्या प्रश्नाकडे परत येतों. तिला मीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं, हे दोन शब्द एक नव्हेत. आपलें मोल संस्कृत मूल्य शब्दापासून आलें. रसायनांतला मोल हा मोलेक्यूल, म्हणजे रेणु, या शब्दाचें जर्मन भाषेंत झालेलें लघुरूप आहे. मग आम्ही दोघें तो आहे तरी काय हें शोधूं लागलों. मी तिच्या पुस्तकांतील ‘द्रव्याचे मोजमाप’ हें प्रकरण वाचलें, आणि जें कळलें नाहीं तें महाविद्यालयांत शिकविणाऱ्या एका स्नेह्यास विचारलें. वयाच्या या टप्प्यावर ‘मला येत नाहीं’ हें वाक्य उच्चारण्यास मला पूर्वींइतकें जड गेलें नाहीं.

अडचण मुळांत ही आहे. रसायनाचें समीकरण संख्येची भाषा बोलतें आणि तराजू वजनाची. हायड्रोजनचे दोन रेणु आणि ऑक्सिजनचा एक रेणु मिळून पाण्याचे दोन रेणु होतात, असें समीकरण सांगतें. मुलगा तें वाचून २ ग्रॅम हायड्रोजनास १ ग्रॅम ऑक्सिजन लागेल असें समजतो, आणि त्रैराशिक लावून मोकळा होतो. त्याचें त्रैराशिक निर्दोष असतें. प्रमाण मात्र मुळांत खोटें असतें. ऑक्सिजनचा अणु हायड्रोजनच्या अणूहून सुमारें सोळापट जड. म्हणून ४ ग्रॅम हायड्रोजनास ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ३६ ग्रॅम पाणी होतें. नारळ आणि सुपाऱ्या यांची संख्या सारखी घेतली म्हणून वजन सारखें भरत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

अणु तर कोणासही मोजतां येत नाहींत. मग संख्या कळावी कशी? नाण्यांची थैली मोजण्यास बँकेंत ती वजन करतात. एका नाण्याचें वजन ठाऊक असलें म्हणजे थैलीच्या वजनावरून नाणीं किती तें कळतें. मोल ही अशीच थैली आहे. ज्या पदार्थाचें रेणुवस्तुमान जितकें, तितके ग्रॅम तो पदार्थ घेतला कीं त्यांत रेणूंची संख्या नेहमीं तीच भरते. ही संख्या ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतकी आहे, आणि २० मे २०१९ पासून मोलाची व्याख्याच या ठराविक संख्येवर बसविण्यांत आली आहे. वजनास रेणुवस्तुमानानें कां भागावयाचें, याचें उत्तर एवढेंच कीं थैल्या किती झाल्या तें त्यावरून समजतें.

मुलांना हें अवघड जातें म्हणून त्यांस मंद समजूं नये. हें मोठमोठ्या रसायनज्ञांनाही अर्धें शतक अवघड गेलें. आव्होगाड्रोनें आपला विचार १८११ मध्यें मांडला, तरी पुढें पन्नास वर्षें कोणी ऑक्सिजनचा भार ८ धरी, कोणी १६. पाण्याचें सूत्रही सर्वांचें एक नसे. १८६० च्या सप्टेंबरांत जर्मनींतील कार्ल्सरूह गांवीं यासाठीं रसायनज्ञांची परिषद भरली, तरीही मतभेद मिटले नाहींत. तेथें एक लहानसें चोपडें वांटण्यांत आलें; तें घरीं नेऊन वाचल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांवरचें पटल दूर झालें. तें चोपडें कान्निझारो या इटालियन प्राध्यापकाचें होतें, आणि त्यांत काय होतें? जिनोआ येथील आपल्या विद्यार्थ्यांस आपण हा विषय कोणत्या क्रमानें शिकवितों, याची हकीकत! शास्त्रज्ञांचें भांडण एका शिक्षकाच्या टांचणांनीं मिटविलें, ही गोष्ट मला कोणीं माझ्या नोकरीच्या काळांत सांगितली असती तर किती बरें झालें असतें.

तीन समीकरणें आणि एक वाटी

नातीस हें सर्व सांगून झालें. तिनें मान डोलाविली. पण मान डोलाविणें म्हणजे समजणें नव्हे, हें मी आतां शिकलों आहें. म्हणून दुसऱ्या रविवारीं आम्हीं स्वयंपाकघराचा आश्रय घेतला. सूनबाईंनीं खाण्याचा सोडा, स्टीलची एक वाटी आणि गॅसची शेगडी आमच्या हवालीं केली, आणि स्वतःही जवळ उभ्या राहिल्या. मोठ्या नातवाकडे एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा लहानसा काटा होता.

प्रश्न असा ठेवला. खाण्याचा सोडा तापविला कीं वजनानें घटतो. वाटीवर थंड ताटली धरली तर तिच्यावर पाण्याचे बिंदू जमतात. शिवाय एक वायुही निघून जातो. मग वाटींत मागें राहतें तें काय? सोड्याच्या रेणूंत सोडियम १, हायड्रोजन १, कार्बन १ व ऑक्सिजन ३ आहेत, हें मुलांस ठाऊक होतें. त्यांस मीं कांहीं सांगितलें नाहीं. तासाभरानें त्या दोघांनीं तीन शक्यता कागदावर मांडल्या. एक, मागें कॉस्टिक सोडा राहत असेल. दोन, सोडियम ऑक्साइड राहत असेल. तीन, धुण्याचा सोडा राहत असेल. तिन्ही समीकरणें कागदावर जुळत होतीं. दोन्ही बाजूंचे अणु बरोबर भरत होते. कागदाला तिन्ही मान्य होतीं. निसर्गास कोणतें मान्य आहे?

आतां मोलाची गरज पडली, आणि ती माझ्या सांगण्यावरून पडली नाहीं. खाण्याच्या सोड्याचें रेणुवस्तुमान ८४, म्हणून त्यांनीं ८.४ ग्रॅम, म्हणजे मोलाचा दहावा भाग, घेण्याचें ठरविलें. पहिली शक्यता खरी असेल तर ४.० ग्रॅम उरावें. दुसरी असेल तर ३.१, तिसरी असेल तर ५.३. हे आंकडे तापविण्यापूर्वींच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर टांगले. पूर्वीं ओळखीचें उत्तर आल्यावर दोन रेघा ओढणारी नात या वेळीं काट्याकडे श्वास रोखून पाहत होती.

वाटी तापवून, निववून प्रथम वजन केलें तें ६.२ भरलें. तिन्हींतलें एकही नाहीं! “म्हणजे आपलीं तिन्ही चुकलीं,” नातू म्हणाला. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग नातच म्हणाली, “सगळा सोडा तापला असेल कशावरून?” पुन्हां तापविलें, ५.६. पुन्हां तापविलें, ५.४. आणखी एकदां तापविलें तरी ५.४ च. वजन घटावयाचें थांबलें होतें. ५.३ आणि ५.४ यांतील अंतर काट्याच्या चुकीएवढें, ४.० किंवा ३.१ जवळपासही नाहींत. मागें राहिला तो धुण्याचा सोडा.

“म्हणजे आजोबा, आपण काट्यावर रेणु मोजले?” नातीनें विचारलें. तिच्या वहींतील आठ बरोबर उत्तरांपेक्षां हा एक प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला. माझ्या पुतण्यानें विचारलेला प्रश्न हाच होता. त्यास मीं खालीं बसविलें होतें.

दुसरी बाजू

येथें थोडी सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर एका टोकाहून दुसऱ्या टोकास गेल्यासारखें होईल. मुलांपुढें कोडें टाकून वडिलांनीं स्वस्थ बसावें, असा या पद्धतीचा अर्थ नव्हे. किर्श्नर, स्वेलर व क्लार्क या तिघां संशोधकांनीं २००६ मध्यें एक निबंध लिहून या मताचा खरपूस समाचार घेतला. नवशिक्याच्या मनांत एका वेळीं थोड्याच गोष्टी मावतात. त्यास मार्गदर्शनाविना सोडलें तर तो शोधण्यांतच दमतो व शिकत कांहींच नाहीं, असें त्यांचें म्हणणें. मला तें अनुभवास पटतें. माझ्या नातवंडांस रेणुवस्तुमान काढतां येत नसतें, समीकरण जुळवितां येत नसतें, तर ती वाटी केवळ गंमत होऊन बसली असती. आधीं एक-दोन उदाहरणें वडिलांनीं स्वतः पायरी-पायरीनें सोडवून दाखवावीं, मग अर्धें सोडवून पुढचें मुलाकडे द्यावें, आणि मग खरा प्रश्न पुढें ठेवावा. पाठांतराचीही मी निंदा करीत नाहीं. त्याच्याच जोरावर मी येथवर आलों. पाठांतर हें कोठारांतलें धान्य आहे. तें शिजविल्याविना पोट भरत नाहीं, एवढेंच.

प्रश्नासाठीं दूर जावें लागत नाहीं, निदान आमच्या वसईंत तरी नाहीं. खाडीच्या कांठीं पिढ्यान् पिढ्या मीठ पिकत आलें. एक टन मिठांत ३० ग्रॅम आयोडीन घालावयाचें आहे आणि तें पोटॅशियम आयोडेटच्या रूपानें घालावयाचें आहे, तर आयोडेट किती घ्यावें? त्याचें रेणुवस्तुमान २१४, त्यांत आयोडीन १२७. म्हणून सुमारें ५०.५ ग्रॅम. हें उत्तर देतां आलें नाहीं तर मिठाच्या पिशवीवरचा शब्द नुसता शब्दच राहतो.

दुसरा प्रश्न वसईच्या किल्ल्यांत बसून करण्याजोगा. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेनें पोर्तुगीजांकडून घेतलेल्या त्या किल्ल्याचे दगड चुन्यानें सांधलेले आहेत. १०० किलो शुद्ध चुनखडी किंवा शिंपले भाजले तर कळीचा चुना ५६ किलोच येतो. उरलेले ४४ किलो कोठें गेले? ते कार्बन डायऑक्साइड होऊन हवेंत गेले. त्या ५६ किलोंस १८ किलो पाणी मुरवून ७४ किलो विरविलेला चुना होतो. भिंतींत बसल्यावर तो हवेंतून तोच वायु हळूहळू पुन्हां घेतो, पाणी सोडतो आणि कठीण होतो. गेलेले ४४ किलो तटाच्या सांध्यांत परत येऊन बसतात. सहलीस आलेल्या किती मुलांना हें कोणी विचारतें?

आमच्या जिल्ह्यांत तारापूरला रसायनांचे कारखाने आहेत. आजचीं मुलें उद्यां तेथें किंवा तशाच ठिकाणीं कामास लागतील आणि हौदांत काय किती टाकावें हें ठरवितील. त्या वेळीं त्यांच्या हातीं तीन चौकोन असावेत कीं ‘हें कशासाठीं?’ असा विचार असावा, हें आज आपल्या ओटीवर ठरतें. अर्थात् घरच्या प्रयोगाच्या वेळीं वडील माणूस जवळ असलेंच पाहिजे. कळीचा चुना विरविणें मुलांकडे देऊं नये; तो उकळून अंगावर उडतो. ब्लीचिंग पावडरीशीं कोणतेंही आम्ल किंवा दुसरें सफाईचें औषध कधींही मिसळूं नये. विषारी वायु निघतो.

आमच्या थोरल्या वहिनी त्या आजारांतून बऱ्या झाल्या. पुढच्या वर्षीं पावसाच्या तोंडाशीं पुतण्यानें मला विहिरीवर बोलाविलें. रहाटाच्या खांबावर त्यानें रंगानें तीन ओळी लिहिल्या होत्या. कस ३३, पावडर ७० ग्रॅम. कस २५, पावडर ९२ ग्रॅम. कस २०, पावडर ११६ ग्रॅम. त्याखालीं, पाणी गढूळ असल्यास अधिक, आणि तासाभरानें ओ.टी. चांचणी केल्यावांचून कोणी पाणी भरूं नये. “काका,” तो म्हणाला, “कोणत्याही ओळींतल्या दोन आंकड्यांचा गुणाकार करून पाहा. जवळजवळ तोच येतो.”

मीं करून पाहिला. मग त्यास विचारलें, “असें कां रे होतें?” आणि या वेळीं त्याचें उत्तर पुरें होईपर्यंत मी कठड्यावर बसून राहिलों.